आधी पाणी काढा, मग भूत बसवा

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या नाहीतर इलिनॉयमधल्या कुठल्याही वस्तीत संध्याकाळी एक चक्कर मारा. पायऱ्यांवर मांडलेल्या कोरीव भोपळ्यांत एक तरी असा दिसतोच, की ज्याचा जबडा आत गेलाय आणि भुवया डोळ्यांवर उतरल्यात. कवळी काढून ठेवलेल्या आजोबांसारखा. हॅलोविन, म्हणजे ३१ ऑक्टोबर, अजून दहा दिवस लांब आहे आणि या घरचं भूत आत्ताच निवृत्त झालंय! घरच्यांचं चुकलं ते एवढंच, की हौसेच्या भरात भोपळा फार लवकर कोरला.

भोपळ्यात वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. साल शाबूत आहे तोवर ते आत कोंडलेलं राहतं, आणि न कोरलेला भोपळा थंड, कोरड्या जागी दोन-तीन महिने आरामात टिकतो. सुरी लागली की पाणी सुटायला लागतं, ओल्या कापावर बुरशी बसते आणि भिंती सुरकुततात. मला विचाराल तर हॅलोविनच्या सगळ्या तयारीची किल्ली इथेच आहे. बिया चिवट का होतात, सफरचंदावरचं कॅरॅमल का घसरतं, कापडी भूत मान का टाकतं, कागदी वटवाघळं का लोंबतात, अशा दहा तक्रारींपैकी आठांचं उत्तर पाणी हेच निघतं. इंटरनेटवरचे फोटो पाहून गुगली डोळे आणि नारिंगी पताका आणायला सगळेच धावतात. पंचा आणि चाळणी आधी कुणी काढत नाही.

भोपळा घेताना रंगाआधी बूड बघावं. सपाट बुडाचा भोपळा स्वतःच्या पायावर उभा राहतो, गोल बुडाच्या भोपळ्याला जन्मभर टेकू लागतो. देठ टणक आणि शक्यतो हिरवट हवा. देठाला धरून भोपळा उचलू नये, कारण देठ तुटला की तिथूनच कुजायला सुरुवात होते. अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबून बघावा. एखादी जागा रुपयाएवढी जरी मऊ लागली, तरी तो तिथेच ठेवून द्यावा. मुलांबरोबर कोरायला पाच ते सात किलोचा पुरतो. अमेरिकेत ढिगाऱ्यानं दिसणारे उभट, खोल रेषांचे, जाड देठाचे भोपळे बहुतेक हाउडन जातीचे किंवा तिच्या गोतावळ्यातले असतात. मॅसॅच्युसेट्समधले शेतकरी जॉन हाउडन यांनी १९६०च्या दशकात ही जात तयार केली, ती कोरण्यासाठीच. खाण्याच्या दृष्टीनं ती काय लायकीची आहे, ते पुढे येईलच.

कोरायचा दिवस २८ किंवा २९ ऑक्टोबर. मिशिगनसारख्या थंड ठिकाणी कोरलेला भोपळा पाच-सहा दिवस तग धरतो. टेक्सासात किंवा फ्लोरिडात दोन-तीन दिवसांतच त्याची घसरगुंडी सुरू होते, तेव्हा तिकडे ३० तारखेची संध्याकाळच बरी. झाकण वरून कापायची पद्धत सगळीकडे दिसते, पण भोक मागच्या बाजूला किंवा बुडाला करावं. वरचं झाकण दोन दिवसांत सुकून आक्रसतं आणि आत पडतं. वरूनच कापायची हौस असेल तर सुरी उभी न घालता मध्याकडे तिरकी घालावी, म्हणजे झाकणाला बसायला खाच मिळते. आतला गर नुसता हातानं ओढून भागत नाही. आइस्क्रीमच्या जाड चमच्यानं भिंत खरवडत जायचं. चेहरा यायचा त्या बाजूची भिंत साधारण एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर ठेवायची. जाड ठेवली तर करवत अडकते आणि उजेड बाहेर येत नाही, पातळ केली तर दातांच्या मधले पूल वाकतात. आत एकही ओला धागा लोंबता राहू देऊ नये. बुरशी आधी त्या धाग्यांवर येते, मग भिंतीवर.

नक्षी कागदावर काढून तो चिकटपट्टीनं भोपळ्यावर बसवायचा आणि टाचणीनं तीन-चार मिलिमीटरवर टोचत जायचं. कागद काढल्यावर ठिपके दिसेनासे झाले तर त्यावर चिमूटभर मैदा चोळावा, की रांगोळीच्या कागदासारखे ते उठून दिसतात. कापायला हॅलोविनच्या संचात मिळते ती बारीक दातांची, पेन्सिलीएवढी करवत घ्यावी. स्वयंपाकघरातली मोठी सुरी भोपळ्यात रुतते, उपसताना सुटते आणि दुसऱ्या हातावर येते. या दिवसांत हात कापून दवाखान्यात पोचणारे बहुतेक याच वाटेनं गेलेले असतात. बारीक काम आधी, मोठी भोकं शेवटी. आधी तोंड कापून मोकळं केलं की भिंतीतला दम जातो आणि नाकाशी करवत चालवताना वरचा ओठ तुटतो. ओठ तुटलाच तर आतून एक टूथपिक खुपसली की कुणाला कळतही नाही. मुलांनी चेहरा काढावा, गर उपसावा. करवत मोठ्यांच्या हातात.

कोरून झालं की बादलीभर उपचार. चार लिटर गार पाण्यात एक टेबलस्पून साधं घरगुती ब्लीच. त्यात भोपळा पाच-दहा मिनिटं बुडवायचा, मग जुन्या टॉवेलवर उपडा घालून तासभर निथळू द्यायचा. पाण्याशी भांडण म्हणता आणि पाण्यातच बुडवता, असा प्रश्न कुणी विचारलाच तर उत्तर त्या निथळण्यात आहे. पूर्ण कोरडा झाल्यावर कापांच्या कडांवर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं की कडा सुकून कुरळ्या होत नाहीत. मात्र जेली लावली असेल तर आत खरी मेणबत्ती नको, बॅटरीचा दिवाच. तो एरवीही बरा, कारण ज्योतीच्या उष्णतेनं वरची बाजू आतून शिजते आणि भोपळा एका रात्रीत बसतो. शिवाय दारात कँडी मागायला येणाऱ्या पोरांच्या अंगावर जाळीचे, पॉलिएस्टरचे झगे असतात. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर भोपळा गराजमध्ये घ्यावा. गोठलेल्या पाण्यानं त्याच्या पेशी फाटतात आणि सकाळी ऊन लागलं की त्याचा लगदा होतो.

खरं तर या दिव्याचं मूळ भोपळ्यात नाहीच. भोपळा अमेरिका खंडाचा. आयर्लंडमध्ये शलगम कोरून दिवे करायचे. तिथे उन्हाळा संपून अंधाराचे महिने सुरू होण्याचा जुना सण साउइन, आणि त्या रात्री मेलेल्यांचा आणि जित्यांचा शेजार होतो ही समजूत. एकोणिसाव्या शतकात बटाट्याच्या दुष्काळानं लाखो आयरिश माणसं अमेरिकेत आली, तेव्हा त्यांच्या हाती हे मोठं, मऊ, आयतं पोकळ फळ आलं. शलगम पोखरायला एकेक तास लागतो आणि मनगट दुखून येतं. भोपळा म्हणजे चैन. मेयो परगण्यातल्या कंट्री लाइफ संग्रहालयात जुन्या शलगमी दिव्याची प्रतिकृती आहे. तिच्यापुढे अमेरिकन भोपळा अगदी गोंडस वाटतो. शलगमातलं पाणी गेलं की चेहरा मुठीएवढा आवळतो आणि दात पुढे येतात. पाणी गेल्यानं रूप खुललं असं एवढं एकच उदाहरण.

बियांकडे वळू. पाच-सहा किलोच्या भोपळ्यातून साधारण एक कप बिया निघतात. गरासकट त्या पाण्याच्या पातेल्यात टाकून कुस्करल्या की बिया तरंगतात आणि धागे हातात येतात. बहुतेक लोक इथून त्या थेट ओव्हनमध्ये घालतात आणि मग टरफल चावून जबडा दुखतो. एक कप बियांना दोन कप पाणी आणि एक टेबलस्पून मीठ घेऊन दहा मिनिटं उकळाव्यात. टरफल नरम होतं आणि मीठ आतपर्यंत जातं. मग चाळणीत निथळून सुती पंच्यावर पसराव्यात. कागदी टॉवेलवर नकोत, तो बियांना असा चिकटतो की अर्धा तास सोलत बसावं लागतं. हाताला ओल लागेनाशी झाली की एक चमचा तेल चोळून ३२५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १६० सेल्सियसला, वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये दोनदा हलवत. घाई करून आच वाढवली तर बाहेरून तांबूस आणि आतून चामडं. चाट मसाला बाहेर काढल्यावर, गरम असतानाच. ओव्हनमध्ये घातला तर आमचूर करपून कडवटपणा येतो.

आता गराचा प्रश्न. एवढा मोठा भोपळा कोरला, किलो-दीड किलो गर निघाला, तो टाकवत नाही. मग मराठी घरात पहिला विचार घारग्यांचाच येणार. आणि इथेच फसगत होते. हाउडनचा गर पांचट आणि दोरे असलेला असतो. कितीही आटवला तरी पाणी सुटतच राहतं, पीठ वाढत जातं आणि शेवटी घारगे न होता गोड पुठ्ठे होतात. दोष हाताचा नाही, जातीचा आहे. कोरायचा भोपळा कुकुर्बिटा पेपो या प्रजातीतला. आपल्या मंडईत फोडी करून विकतात तो लाल भोपळा कुकुर्बिटा मॉस्चाटा, वेगळीच प्रजाती, घट्ट आणि गोड. तिचे भाऊबंद अमेरिकेत दोन वेषांत भेटतात. एक बटरनट स्क्वॉश. दुसरा, गंमत म्हणजे, डब्यातला भोपळा. इलिनॉयमधल्या मॉर्टन गावात, जे स्वतःला जगाची भोपळा-राजधानी म्हणवतं, डब्यात भरला जातो तो फिकट सालीचा, लांबट डिकिन्सन भोपळा. तोही मॉस्चाटाच. दारात बसलेल्या नारिंगी भोपळ्यापेक्षा वाणसामानाच्या फळीवरचा डबा आपल्या लाल भोपळ्याच्या जास्त जवळचा आहे.

म्हणून घारगे डब्यातल्या गराचे करावेत. फक्त डब्यावरचं नाव नीट वाचावं. पायसाठी तयार केलेल्या मिश्रणात आधीच साखर, दालचिनी, लवंग असते, ते नको. नुसता गर एक कप आणि बारीक चिरलेला गूळ पाऊण कप जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर. गूळ विरघळल्यावर थांबायचं नाही. सात-आठ मिनिटं हलवत राहायचं, उलथणं ओढलं की मागे तळ क्षणभर दिसला पाहिजे. तळ दिसायच्या आधी उतरवलं तर पुढे पीठ जास्त लागतं आणि घारगा कडक होतो. कोमट झाल्यावर चिमूटभर मीठ, पाव चमचा वेलदोड्याची पूड, एक टेबलस्पून कडकडीत तेलाचं मोहन, दोन टेबलस्पून तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक, अंदाजे दोन कप. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. गोळा पुरीच्या पिठापेक्षा थोडा घट्टच असू द्यावा, कारण अर्धा तास झाकून ठेवला की गुळामुळे तो सैल पडतो. सैल पडला म्हणून पुन्हा कणीक मळू नये. पोळपाटावर खसखस भुरभुरून पाच मिलिमीटर जाडीची पोळी थापावी आणि हॅलोविनचे वटवाघळाचे, मांजराचे, भोपळ्याचे साचे त्यावर उठवावेत. चेहरा हवा असेल तर डोळे स्ट्रॉनं टोचून काढायचे आणि तोंड सुरीच्या टोकानं. भोकं पाडलेला घारगा फुगत नाही, खुसखुशीत होतो; फुगलेला हवा असेल तर त्याला चेहरा देऊ नये. दोन्ही सुख एकदम मिळत नाही. तळताना आच मध्यम. तेल फार तापलं तर गूळ आधी करपतो आणि मधे कणीक कच्ची. वटवाघळाची पंखांची टोकं बारीक असतात, ती आधी काळपट होतात. इथे मात्र तो गुण धरावा.

कॅरॅमलमधली सफरचंदं ही या सणाची सगळ्यात देखणी आणि सगळ्यात रडवणारी गोष्ट. दुकानातल्या सफरचंदावर मेणाचा पातळ थर असतो, आणि मेणावर पाक धरत नाही. उकळत्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून प्रत्येक सफरचंद पाच-सात सेकंद बुडवावं, लगेच खरखरीत फडक्यानं पुसावं आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. फ्रीजमधून काढलेलं गार सफरचंद गरम कॅरॅमलमध्ये बुडवलं की त्याला घाम सुटतो, आणि दहा मिनिटांत सगळा पाक पायाशी तळं करून बसतो. लहान, आंबट, टणक ग्रॅनी स्मिथ घ्यावीत. गोड सफरचंदावर गोड पाक म्हणजे दोन घासांत कंटाळा.

सहा सफरचंदांना एक कप साखर, एक कप जाड क्रीम, अर्धा कप फिकं कॉर्न सिरप, चार टेबलस्पून लोणी आणि चिमूटभर मीठ. पातेलं मोठं घ्या, क्रीम उतू जातं. मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं लागतात. थर्मामीटर असेल तर २४५ फॅरनहाइट, म्हणजे ११८ सेल्सियस. नसेल तरी अडायला नको, ज्यानं संक्रांतीचे लाडू केलेत त्याला हे तापमान ठाऊकच आहे: गार पाण्याच्या वाटीत थेंब सोडला की बोटात त्याची गोळी व्हावी, आणि ती उचलल्यावर आकार सोडू नये. गोळीबंद पाक. गोळी पाण्यात पसरली तर कॅरॅमल ओघळणार, कडक टणटणीत झाली तर दात निघणार. उतरवल्यावर तीन-चार मिनिटं थांबावं आणि पाक संथ झाल्यावर काठी खुपसलेलं सफरचंद तिरकं फिरवत बुडवावं. बुडाचा जादा पाक भांड्याच्या काठावर पुसून, लोणी लावलेल्या पार्चमेंट पेपरवर ठेवायचं.

यात एक धोका दिसत नाही. काठी खुपसली की सफरचंदाचा रस वर येतो आणि साल आणि कॅरॅमल यांच्या फटीत साचतो. कॅरॅमलमध्ये पाणी कमी, सफरचंद आंबट. दोन्ही आपापल्या जागी जंतूंना नकोसे. पण त्या फटीतल्या रसात लिस्टेरिया नावाचा जंतू खुशाल वाढतो, विशेषतः बाहेर ठेवल्यावर. २०१४च्या अखेरीला अमेरिकेत कारखान्यात तयार झालेल्या कॅरॅमल सफरचंदांतून हीच साथ पसरली होती आणि त्यात माणसं दगावली. म्हणून सफरचंदं धुऊन घ्यायची, केली त्या दिवशी खायची किंवा फ्रीजमध्ये ठेवायची. गर्भवती बायकांना आणि वयस्कर मंडळींना फ्रीजबाहेर राहिलेलं देऊ नये. त्यापेक्षा फोडी कापून शेजारी वाटीत गरम कॅरॅमल ठेवलं की सगळंच सोपं होतं. फोटोत तेवढं छान येत नाही, एवढंच.

अमेरिकन टेबलावर सहसा दिसत नाही पण असायला हवा, असा एक पदार्थ म्हणजे आयरिश बार्मब्रॅक, बेदाण्यांचा केक. पार्टीच्या आदल्या रात्री साडेतीनशे ग्रॅम मनुका आणि बेदाणे तीनशे मिलिलिटर कडक, दूध न घातलेल्या चहात भिजत घालायचे. सकाळी त्यात सव्वाशे ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडं, सव्वादोनशे ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ (बेकिंग पावडर मिसळलेला मैदा) आणि चमचाभर दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड. लोफच्या टिनमध्ये ३४० फॅरनहाइटला, म्हणजे १७० सेल्सियसला, तासभर किंवा थोडं जास्त. इथे पाणी शत्रू नाही. भिजलेले बेदाणेच केकला दोन दिवस ओलसर ठेवतात, दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो. जुन्या चालीत आत वस्तू लपवायचे: अंगठी मिळाली तर लग्न, नाणं मिळालं तर पैसा, चिंधी मिळाली तर गरिबी. अंगठी घालायची तर पार्चमेंटच्या चांगल्या मोठ्या पुडीत गुंडाळून घालावी आणि कापण्यापूर्वी सगळ्यांना सांगावं. पाच वर्षांखालची मुलं असतील तर केक कापल्यावर अंगठी खालून सरकवून द्यावी. लबाडी आहे, पण घशात अडकण्यापेक्षा बरी.

ममी हा पार्टीतला हमखास संपणारा प्रकार. अमेरिकन घरात सॉसेजच्या करतात, शाकाहारी घरात पनीरच्या उत्तम होतात. पनीरच्या बोटाएवढ्या कांड्या कापून, मीठ-तिखट लावून दहा मिनिटं पंच्यात गुंडाळून ठेवाव्यात, म्हणजे सुटलेलं पाणी तिथेच जातं. गोठवलेली पफ पेस्ट्रीची घडी चाळीस मिनिटं बाहेर ठेवून उलगडायची आणि एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून आडव्या-तिडव्या गुंडाळायच्या. पट्ट्यांच्या मध्ये बारीक फट आणि वर डोळ्यांना जागा ठेवावी. फट ठेवली नाही तर वाफ कोंडते आणि आतली पेस्ट्री लिबलिबीत राहते. भाजण्यापूर्वी ट्रे पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये. पेस्ट्रीतलं लोणी मऊ झालं असेल तर ते फुगवायच्या ऐवजी ट्रेवर वाहून जातं. ४०० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २०० सेल्सियस, सोळा ते अठरा मिनिटं. डोळे भाजल्यावर बसवायचे: क्रीम चीजचा ठिपका आणि त्यावर कलौंजीचा दाणा. काळी मिरी दिसते छान, पण पोरं चावतात आणि मग रडारड.

मरँगची, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग साखरेबरोबर फेटून भाजलेली, भुतं करायची तर हवामान बघूनच हात घालावा. पावसाळी दिवशी ती डब्याबाहेर तासाभरात चिकट होतात, आणि छोल्याच्या डब्यातलं पाणी फेटून केलेली बिनअंड्याची तर त्याहून लवकर.

सजावटीत एकच गोष्ट मन लावून करायची असेल तर कापडाचं उभं भूत करावं. रिकामी दोन लिटरची सोड्याची बाटली, बूड जड व्हायला तिच्यात थोडं पाणी. तोंडावर नारळाएवढा फुगवलेला फुगा चिकटपट्टीनं, आणि हातांसाठी बाटलीभोवती वळवलेली तार. या सांगाड्यावर क्लिंग फिल्म गुंडाळायची, नाहीतर कापड बाटलीला कायमचं बिलगतं. कापड हवं ते विरळ विणीचं चीजक्लॉथ, एक-सव्वा मीटर. घरातली जुनी मलमल वापरायचा मोह होतो, पण तिची वीण दाट असते, भिजल्यावर जड होते आणि उजेड आरपार जात नाही. आता खळ. सुती साड्यांना घालायचो तीच, फक्त दाट. एक कप गार पाण्यात दोन टेबलस्पून कॉर्नस्टार्च कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं. दुधी रंग जाऊन काचेसारखी चमक आली की झाली. त्याआधी उतरवली तर वाळल्यावर पांढरी पूड झडते. कोमट खळीत कापड बुडवून नीट पिळायचं, आणि पिळायचं म्हणजे खरंच पिळायचं. ठिबकणारं कापड स्वतःच्या वजनानं खाली सरकतं आणि खांद्याशी फाटतं. सांगाड्यावर टाकून चुण्या बोटांनी मांडाव्यात, खालची कड जमिनीवर पसरू द्यावी, कारण पुढे भूत तिच्यावरच उभं राहणार. पूर्ण वाळायला चोवीस तास. हात लावून गार लागलं तर अजून ओलं आहे. तेवढ्या वेळात फुगा हवा सोडून लहान होतो आणि डोकं खचतं, म्हणून फुगा ताजा आणि तट्ट हवा. शेवटी फुगा फोडून, बाटली खालून काढून, आत बॅटरीचा दिवा. दमट हवेच्या गावात खळ ओल धरून नरम पडते. तिथे पांढरा गोंद आणि पाणी समसमान घ्यावं.

गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीचे नरकासुर करणाऱ्या पोरांना हे शिकवावं लागणार नाही. कागदी लगद्याचा मुखवटा एक थर वाळल्याशिवाय दुसरा लावला की आतून कुजतो, हे तिकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं.

वटवाघळांना जाड काळा कार्डपेपर घ्यावा, छपाईचा साधा कागद नको. तो रात्रीच्या दमटपणात पंख पाडतो. घडी घालून अर्धं चित्र कापायचं, पंख शरीराशी उलटे दुमडायचे आणि फक्त पाठ भिंतीला चिकटवायची. तीन आकारांची वीस-पंचवीस तरी हवीत. शेकोटीच्या कोपऱ्यातून मोठी निघून वर छताकडे लहान होत गेली तर थवा वाटतो, सारख्या अंतरावर मांडली तर भिंतीला पुटकुळ्या आल्यासारखं दिसतं. अंगणासाठी दुधाचे रिकामे चार लिटरचे कॅन धुऊन, त्यावर काळ्या मार्करनं तोंडं काढून, बुडाशी वाटीभर वाळू आणि आत दिव्यांची माळ. चार वर्षांचं मूलही करू शकतं, आणि याला बुरशी येत नाही.

पंचमध्ये, म्हणजे पार्टीच्या सरबतात, तरंगणारा गोठलेला हात करताना पावडर नसलेला, खाद्यपदार्थांसाठीचा नायट्राइल हातमोजा आतून-बाहेरून धुऊन घ्यावा. तट्ट भरू नये, पाणी गोठताना फुगतं. दीड दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग दहा सेकंद नळाखाली धरायचा आणि मोजा कात्रीनं कापून काढायचा; ओढून काढला तर आधी करंगळी जाते. नुसत्या पाण्याचा हात पंच पांचट करतो. कोकम सरबताचा केला तर रंग रक्ताचा येतो आणि विरघळला तरी चव बिघडत नाही. वाफेसाठी ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आणलाच तर तो उणे ७८ अंश सेल्सियसचा असतो हे विसरू नये: जाड हातमोजे, उघडी खिडकी, बंद डबा कधीच नाही, पेयात कधीच नाही. पंचचं भांडं मोठ्या परातीत ठेवून परातीत कोमट पाणी आणि ड्राय आइसचे तुकडे टाकले की धूर तेवढाच येतो आणि कुणाच्या ग्लासात खडा जात नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांत कधी कधी हे सगळं दिवाळीच्या फराळाच्या मध्येच येऊन पडतं. २०२४ साली अमावास्या ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर अशी विभागली गेली, आणि अनेक घरांत एका खिडकीत आकाशकंदील, दुसरीत सांगाडा असा थाट होता. अशा वर्षी रांगोळी पायरीवर न काढता दाराच्या बाजूला काढावी, कँडी मागायला येणारी पन्नास पोरं खाली बघत नाहीत. पणत्या कमरेच्या उंचीवर कठड्यावर ठेवाव्यात. फराळ शेजाऱ्यांच्या मुलांच्या पिशवीत घालायची इच्छा होते, ती आवरावी. उघडा, घरगुती पदार्थ तिथले आईबाप टाकूनच देतात, आणि काजू-शेंगदाण्यांची ॲलर्जी असलेलं मूल त्या गर्दीत ओळखू येत नाही. २०१४पासून अमेरिकेत एक चाल रुळली आहे: दारात हिरवट-निळा रंगवलेला भोपळा दिसला की त्या घरी खाऊऐवजी पेन्सिली, स्टिकर, चकाकणारी कडी मिळतात. चकली घरातल्या टेबलावर, ओळखीच्या पाहुण्यांना, आणि त्यांनाही आत काय काय घातलंय ते सांगून.

१ नोव्हेंबरच्या सकाळी भोपळा उचलताना खाली फावडं घालावं. वरून धरला तर बूड पायरीवरच राहतं. मेण, रंग, चकाकी लावलेले भाग कापून कचऱ्यात, बाकीचा फोडून खताच्या ढिगात, वरून सुक्या पानांचा जाड थर. पानं कमी पडली तर ढीग पाणी सोडतो आणि वास मारतो. आत राहिलेल्या चार-दोन बिया उचलून टाकाव्यात, नाहीतर जूनमध्ये त्या ढिगावर वेल चढते.